पोरगी कशात न्यायची

माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ यायला अजून दोन महिने आहेत, पण बाळाला उचलायची तयारी आतापासूनच चालू झाली. दिवसभर फोनवर पिशव्यांची चित्रं बघत बसते. एकीला कमरेला रुंद पट्टा, एकीला मानेशी उशी, एकीत बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले. "आई, यातली आरामशीर कोणती वाटते?" मी विचारलं, "आरामशीर कुणाला, तुला का बाळाला?" तर बाईसाहेब रुसल्या. तिला वाटतं, आईला यातलं काय कळतं. आता हिला कसं सांगू, की या विषयाचा अभ्यास मी हिच्यावरच केलेला आहे, आणि त्यात नापास झाले असते तर ही पोरगी माझ्याजवळ राहिलीच नसती.

तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. कागदावर झाला होता, टेबलं-खुर्च्या अजून यायच्या होत्या. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला, आत फायलींवर शिक्के मात्र जुन्याच जिल्ह्याचे. मुख्यसेविका म्हणून माझी पहिली नेमणूक तिथं निघाली. मुख्यसेविका म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्या तपासणारी बाई. पण हा जिल्हा जन्माला आला तो दुष्काळ कडेवर घेऊनच. त्यामुळं रोजगार हमीच्या कामांवरची लेकरंसुद्धा आमच्याकडं आली. बाया माती वाहणार, खडी फोडणार. त्यांची लेकरं सावलीला ठेवलीत का, त्यांना सुकडीचा सरकारी खाऊ मिळतो का, वजन भरतंय का, हे मी बघायचं.

माझं स्वतःचं लेकरू आठ महिन्यांचं होतं. अंगावर पिणारं, गुटगुटीत, आणि खाली ठेवलं की भोंगा लावणारं. आमचे हे नांदेडला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. त्यांची बदली व्हायला वर्ष तरी लागणार होतं. म्हणजे लातुरात मी आणि पोरगी, दोघीच.

खोली मिळाली एका किराणा दुकानदाराच्या घरात, मागच्या अंगणाकडची. घरमालकीण मोठी कडक बाई, रोज शिवपूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी. खोली देताना तिनं आडनाव विचारलं. आडनाव ऐकून थोडी थांबली, आमच्या सामानातली बुद्धाची तसबीर बघितली आणि म्हणाली, "पाण्याचं मात्र तुमचं तुम्ही बघायचं." त्या साली सगळ्या लातुराला पाण्याचं आपलं आपणच बघावं लागत होतं, म्हणून मी त्या वाक्याचा फार विचार केला नाही. केला, पण थोडाच.

पहिल्या आठवड्यातच माझी हौस फिटली. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून गाव किंवा काम दीड-दोन कोस आत. एका खांद्यावर लेकरांचं वजन करायचा काटा, दुसऱ्या खांद्यावर रजिस्टरांची पिशवी, कडेवर पोरगी, डोक्यावर ऊन. डावा हात तर संध्याकाळी माझा राहायचाच नाही, भाकरी थापायला बसले की नुसता लोंबायचा. आणि एके दिवशी व्हायचं ते झालं. फाट्यावर बसमधून उतरताना पाय चुकला आणि पोरगी कडेवरून निसटली. कंडक्टरनं तिला वरच्यावर धरलं म्हणून बरं. त्यानं पोरगी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, काटा पडू दिला असता तर चाललं असतं." मी फाट्यावर बसून रडले.

ही गोष्ट नांदेडला कळली, कारण मीच पत्रात लिहिलं. लिहायला नको होतं. चौथ्या दिवशी आत्याबाई नांदेडहून येऊन दारात उभ्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मूळची भोकरकडच्या एका खेड्यातली बाई, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, पण बोलली की विषय संपला. एक गाठोडं घेऊन आल्या होत्या. पोरीला घेतलं, तिचे सगळे सांधे बाजारातलं वासरू तपासावं तसे दाबून बघितले आणि खाली बसल्या.

"पोरगी मी घेऊन जाते," म्हणाल्या. "तू शनवारी येत जा."

मी म्हणलं, "आत्याबाई, अंगावर पिती ती."

"शेळी बांधली हाय दारात."

त्यांनी शेळीसुद्धा घेऊन ठेवली होती. पोरीशिवाय त्या खोलीत रात्र काढणं मला जमणारच नव्हतं. मी नोकरी सोडते म्हणाले, तर त्यावर त्यांनी असं बघितलं की पुढचं बोलणं गिळावं लागलं. मी नोकरी करावी म्हणून सगळ्या भावकीशी भांडलेली बाई ती. शेवटी म्हणाल्या, "बरं. पंधरा दिस बघते. तवर म्हातारा शेजारनीच्या हातचं खाईल. पोरीला सुखानं नेता आलं तर ने खुशाल. न्हाई आलं तर मी घेऊन जानार. मग रडायचं न्हाई."

म्हणजे पंधरा दिवसांत मला असं काहीतरी शोधायचं होतं, ज्यात पोरगी बसेल, पडणार नाही, झोपेल, आणि माझे हात मोकळे राहतील. नाहीतर पोरगी नांदेडला आणि शेळीच्या दुधावर.

आधी मी आपल्या अकलेनं एक चादर गळ्यात बांधून बघितली. पोरगी पोटावर लोंबायला लागली आणि माझी मान गुडघ्याकडं चालली. घरमालकीण ओट्यावरून बघत होती. तिनं गळ्यातलं लिंग पदराआड नीट केलं आणि म्हणाली, "आमचा देव जन्मभर गळ्यात राहतो, कधी कुरकुर न्हाई. तुमची पोरगी दोन कोस राहीना व्हय?" मी म्हणलं, "मालकीणबाई, देव मुतत नाही." ती हसली. पहिल्यांदाच हसली, आणि उठून आत गेली ती पोरीसाठी खारकेची पूड घेऊन आली. आत्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

मग शनिवारी आमचे हे आले. काखेत गुंडाळी. मी म्हणलं कुठल्या धरणाचा नकाशा आणलाय, तर म्हणे पोरीच्या पिशवीचा. माणसानं चक्क ट्रेसिंग कागदावर पिशवी काढली होती. समोरून, बाजूनं आणि वरून. पोरीचं वजन कुठं पडणार तिथं बाण, माझ्या खांद्यावर किती ताण येणार तिथं आणखी बाण. पोरीचं चित्र मात्र भोपळ्यासारखं आलं होतं. मी काही बोलले नाही, कारण माणूस आठवडाभर कचेरीत बसून सरकारी शाईनं माझाच विचार करत होता, आणि मला ते फार गोड वाटलं.

पुढच्या शनिवारी त्या नकाशाची पिशवी शिवून आली. पाय बाहेर काढायला बुडापासून चार बोटं वर दोन भोकं, पाठीवर फुलीचे पट्टे, आठ बकलं. कापड काय जाड, वाघाला कोंडलं तरी फाटू नये. "कुठलं कापड?" मी विचारलं. हे खुशीत म्हणाले, "छागलीचं. नांदेडात तो छागली शिवणारा आहे ना, त्याच्याकडनंच शिवून घेतली. यासारखं मजबूत कापड दुसरं नाही."

छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. जीपला, बैलगाडीला लटकवतात. बाहेरून ओलसर आणि आत पाणी गार. त्या दुष्काळात ज्याच्याकडं छागल तो सावकार. धरणं बांधणाऱ्या खात्यातला माणूस, त्याला मजबूत म्हणल्यावर पाणी अडवणारंच सुचणार. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही दोघांनी ती पिशवी बाजेच्या खुराला बांधून दोन पायल्या ज्वारीचं गाठोडं आत घालून ओढून बघितली. हलली नाही. हे आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "आता बोल, आई." आत्याबाईंनी पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, कापडाला नखानं टिचकी मारली आणि परत दिली. "नेऊन बघ," म्हणाल्या. तोंडावर माशी हलली नाही.

सोमवारी निलंग्याकडं पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथं जायचं होतं. पोरगी पिशवीत घातली, आठ बकलं लावली. बसमध्ये जागा मिळाली, पोरगी मजेत, माझे दोन्ही हात मोकळे. मी तर खिडकीतून आलेल्या वाऱ्यात गाणं म्हणायच्या बेतात होते. फाट्यावरून कामापर्यंत चालले, तरी पोरगी रडेना. मधून मधून हात लावून बघत होते, पिशवी बाहेरून नुसती दमट, तीही माझ्याच घामानं असेल. मला वाटलं आज हिनं केलीच नाही वाटतं, शहाणी झाली पोरगी. मनातल्या मनात मी नवऱ्याला खात्याचा मोठा इंजिनियर करून टाकला.

कामावर दीड-दोनशे माणूस. बाया मातीच्या पाट्या टाकून सुकडीला आल्या. मी बाभळीखाली तक्ता टांगला. तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'बाळाची निगा', आणि खाली चित्र, बाळ कोरडं असावं, बाळ मोकळं असावं. समोर चाळीस बाया आणि झाडांना त्यांच्या लेकरांच्या झोळ्या. मी बाळ कोरडं ठेवण्याविषयी बोलायला लागले आणि बोलता बोलता, आता पोरीलाही जरा मोकळं करावं म्हणून बकलं सोडली. पोरगी वर उचलली. तिच्या पाठोपाठ पिशवीतनं पाण्याची धार लागली.

छागलीनं तिचं काम चोख केलं होतं. पोरीनं लातूरपासून केलेलं सगळं तिनं थेंब न सांडता धरून ठेवलं होतं, आणि वर गारही केलं होतं. त्यात पोरगी मांडीपर्यंत बसून होती, म्हणून तर खूश होती. बाया माना उंचावून बघायला लागल्या. मग एक काळी, उंच, पुढचे दोन दात नसलेली बाई म्हणाली, "तीन महिने झाले तळं खोदायलाव बाई, पानी पहिल्यांदा साठलं ते तुमच्या पिशवीत."

मग जे हसू सुटलं ते सुटलं. मुकादम लांबून शिट्टी वाजवत होता, तिकडं कोण बघतं. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता माझं रडण्यात गेलं. पोरीच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या, सालटं निघायला आली होती. पंधरा दिवसांतले तेरा झाले होते. मी त्या बायांना सगळं सांगून टाकलं. सासू, शेळी, शनिवार, सगळं. साहेबीण म्हणून आलेली बाई बाभळीखाली बसून नाक पुसत होती आणि वर तक्ता लोंबत होता.

ती दात नसलेली बाई निलंग्याच्याही पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. लेकराला कूसू म्हणायची. तिनं झाडाची आपली झोळी सोडली, आपलं कूसू दुसरीच्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाली, "उभं ऱ्हावा." जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तिनं ते दुहेरी केलं, माझ्या उजव्या खांद्यावरून पाठीवर घेतलं, डाव्या कमरेशी त्याची खोळ केली. पोरीला त्यात बसवलं, एक पाय माझ्या पोटाशी, एक पाठीशी. कापड तिच्या मानेपर्यंत ओढलं आणि पुढं छातीवर गाठ मारली. "चाला," म्हणाली. मी चालले. पोरीचं वजन कुठं गेलं तेच कळेना. दहा पावलांवर तिनं मान टाकली आणि झोपली. ना बकल, ना नकाशा. बाईचं लुगडं बाईला परत द्यायचं होतं म्हणून मी तिथंच तीनदा गाठ सोडून बांधून शिकून घेतली.

संध्याकाळी घरी आले ती उड्या मारतच. हे शनिवारपासून रजा टाकून राहिलेले होते, कारण बुधवारी आत्याबाईंना घेऊन परत जायचं होतं. पोरीसकट की पोरीशिवाय, ते ठरायचं होतं. त्यांना छागलीचा किस्सा सांगितला, तर बिचारे म्हणे, "खाली एक भोक ठेवायला पाहिजे होतं. सांडवा." मी कपाळावर हात मारला.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी आत्याबाईंना म्हणाले, "आता बघा." ट्रंकेतली बरी साडी काढली. लग्नातली, नायलॉनची, कारण दाखवायचं तर झोकात दाखवावं. दुहेरी केली, खांद्यावरून घेतली, पोरीला बसवलं, गाठ मारली. चार पावलं चालले आणि गाठ सर्रकन घसरली. पोरगी गुडघ्यावर आली, मी तिला धरलं. पुन्हा बांधली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा पोरीनं भोंगा लावला. मला घाम फुटला. हे उठून काहीतरी सुचवायला लागले, त्यांना मी गप्प बसा म्हणाले. चौथ्यांदा बांधायचं सोडून मी बाजेवर बसले. आता काही सांगायची सोय राहिली नव्हती. पोरीला मी छातीशी धरलं आणि आत्याबाईंकडं बघितलंच नाही.

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "काय करून राहिलीस," म्हणाल्या, "नायलॉन हाय ते. घसरनारच."

कोपऱ्यातलं आपलं गाठोडं त्यांनी पुढं ओढलं आणि सोडलं. वरच पोरीची झबली होती. घड्या घालून, दोरीनं बांधलेली. मग टोपडं. मग खुळखुळा, जो मी सकाळपासून शोधत होते. त्यांनी एकेक काढून बाजेवर ठेवलं, आणि सगळ्यांत खालून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं. मला उभं केलं. पोरीला एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं लुगडं माझ्या खांद्यावरून टाकलं, खोळ केली, पोरगी आत, मानेपर्यंत कापड, छातीवर गाठ. बोटांकडं बघितलंसुद्धा नाही. निलंग्याच्या बाईपेक्षा लवकर. पोरगी गप्प.

आमचे हे आ वासून बघत होते. "आई, तुला येतं हे?"

"मग तुला काय पालखीत वाढवला का? भोकरला कापसाच्या वेचणीला जायची तवा पुढं वटीत कापूस आन् बाजूला तू. दिस मावळंस्तवर."

मी म्हणलं, "आत्याबाई, मग पंधरा दिवस बोलला का नाहीत? ती चादर बघितली, ती छागल बघितली. एक शब्द नाही."

त्यांनी पोरीच्या तोंडावरचं कापड बोटानं खाली केलं. "बोलले असते तर पोरगी आली असती का माझ्यासंगं?" म्हणाल्या, आणि रिकामं गाठोडं बांधायला बसल्या.

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आलाही असता. पण झबल्यांच्या त्या घड्या इतक्या नीट घातलेल्या होत्या, की मी त्या न मोडता ट्रंकेत ठेवल्या. हे दाराशी जाऊन उगीच कडी लावत-काढत उभे राहिले.

बुधवारी सकाळी मी कामावर निघाले ती पोरीला हिरव्या लुगड्यात घेऊनच, आणि त्या दोघांना नांदेडच्या बसमध्ये बसवलं. आत्याबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून पोरीच्या पायाला लावला. बस हलेपर्यंत ठेवला.

शनिवारी मी नांदेडला गेले. घरात पाय ठेवला तर माजघरात आढ्याला नवी दोरी, दुहेरी, गाठी मारलेली, आणि तिला काहीच नाही. आमच्या ह्यांनी सांगितलं, आत्याबाईंनी लातूरला यायच्या आधीच ती बांधून घेतली होती, आणि पोरीला आणायला गाठोड्यात घेतलेलं हिरवं लुगडं मग तिच्याच झोळीला लागणार होतं. मी पोरीला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं, अंगावरचं लुगडं सोडलं आणि त्या दोरीला बांधलं. शेळी दारात होतीच. तिचं दूध सासऱ्यांच्या चहाला जात होतं.

मग वर्षभर तेच चाललं. शनिवारी लुगडं माझ्या अंगावरून दोरीला, रविवारी संध्याकाळी दोरीवरून माझ्या अंगावर. रविवारी मी पोरीला बांधून निघाले की आत्याबाई दारात आडव्या यायच्या. "थांब. गाठ उलटी हाय," म्हणायच्या. गाठ सोडायच्या, पोरीला बाहेर काढायच्या, तिला खांद्यावर घेऊन लुगडं झटकायच्या, पुन्हा झटकायच्या, आणि मग कुठं सावकाश बांधायला घ्यायच्या. एकदोनदा बसही चुकली. गाठ बरोबर असायची, ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पुढं पुढं मी ती मुद्दाम उलटी बांधायला लागले.